राखेखालचा विस्तव

आमच्या घरी रात्री चूल विझवत नसत. जेवणं आटोपली, भांडी घासून झाली, की आजी चुलीतले दोन जाड निखारे एका कोपऱ्यात ओढायची, चिमट्यानं त्यांच्यावर राख लोटायची आणि वर गोवरीचा एक तुकडा ठेवायची. काडेपेटी घरात होती. पण रोज सकाळी काडी ओढणं ही तिच्या लेखी उधळपट्टी होती. एकदा पहाटे तिनं मला विस्तव आहे का बघायला पाठवलं. मी वाकून, मान वाकडी करून पाहिलं. राख पांढुरकी, अगदी गार दिसत होती. "नाही," म्हणालो. तिथूनच तिनं सांगितलं, "डोळ्यानं काय पायतं, हात धरून पाय."

राखेच्या वितभर वर तळहात धरला, तर ऊब लागली. बाजूला चार बोटं सरकवला, ऊब गेली. परत आणला, आली. निखारा कुठे आहे हे डोळ्यांना शेवटपर्यंत दिसलं नाही आणि हाताला दोन क्षणांत कळलं.

खगोलशास्त्राची एक अख्खी शाखा त्या तळहाताच्या कामावर उभी आहे. डोळ्याला न दिसणारे, पण ऊब म्हणून जाणवणारे हे किरण म्हणजे अवरक्त किरण. भंडाऱ्यात पितळेची भांडी ओतणाऱ्यांना ते वेगळे शिकवावे लागत नाहीत. पितळ नऊशे अंशांच्या वर वितळतं. साच्यातून निघालेला नग आधी लाल असतो, मग काळपट होतो. काळा पडला म्हणजे निवला असं समजून नवखा माणूस हात लावतो आणि पोळतो. नग अजून कितीतरी तापलेला असतो. त्याचा उजेड फक्त डोळ्याच्या पट्टीबाहेर सरकलेला असतो.

किती सरकतो त्याचा हिशोब सोपा आहे. केल्विनमधल्या तापमानानं २९०० ला भागायचं. येईल ते उत्तर मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. सूर्याचा पृष्ठभाग ५८०० केल्विनचा, म्हणून त्याचा उजेड अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास सर्वांत जास्त. नेमकं तेच आपल्या डोळ्यांना दिसतं. वितळलेलं पितळ साधारण १२०० केल्विनचं, त्याचा भर अडीच मायक्रॉनच्या जवळ. म्हणजे पितळाचाही बहुतेक उजेड आपल्याला दिसतच नाही. मुशीतला लाल रंग ही त्याची नुसती शेपटी. तुमचं-माझं अंग ३१० केल्विनचं, सव्वानऊ-साडेनऊ मायक्रॉनवर तेवत असलेलं. आणि उणे १७३ अंश सेल्सिअसला, म्हणजे १०० केल्विनला असलेली धूळ २९ मायक्रॉनवर. उणे १७३ अंशांच्या वस्तूलाही ऊब असते आणि ती मोजता येते, हे एकदा मनात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

अवरक्त किरण शोधले विल्यम हर्शेलनं, १८०० साली. लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडून कोणत्या रंगात किती उष्णता आहे हे तो तापमापकांनी मोजत होता. तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच रंग नव्हता, तिथे ठेवलेल्या तापमापकाचा पारा सर्वांत वर गेला. गंमत अशी, की याच माणसानं त्याच्या पंधरा-सोळा वर्षं आधी आकाशातल्या काही गोल, फिकट, हिरवट ठिपक्यांना एक नाव देऊन ठेवलं होतं. १७८१ मध्ये त्यानं युरेनस शोधला होता आणि हे ठिपके त्याला दुर्बिणीत युरेनसच्या चकतीसारखे दिसले, म्हणून त्यांना तो 'प्लॅनेटरी' म्हणाला. आपण त्याचं ग्रहीय अभ्रिका केलं. मराठी परिभाषेत बिंबाभ्रिका असाही एक शब्द आहे आणि तो मला जास्त आवडतो, कारण या प्रकाराचा ग्रहांशी काडीचा संबंध नाही. पण रूढ झालेलं नाव बदलणं कठीण, तेव्हा आपणही तेच चालवू. हर्शेलच्या हातात त्या अभ्रिकाही होत्या आणि ते अदृश्य किरणही. दोन्हींची गाठ पडायला मात्र आणखी पावणेदोनशे वर्षं जवळजवळ लागली.

या अभ्रिका म्हणजे वायू आहेत हे १८६४ मध्ये विल्यम हगिन्सनं दाखवलं. कालेय तारकासमूहातल्या एनजीसी ६५४३ या अभ्रिकेचा उजेड त्यानं वर्णपटदर्शकातून पाहिला. ताऱ्यासारखा इंद्रधनुषी पट्टा दिसेल म्हणून पाहायला गेला, तर दिसल्या नुसत्या दोन-चार हिरवट रेघा. त्या रेघा कोणत्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेनात, म्हणून 'नेब्युलियम' नावाचं नवं मूलद्रव्य कल्पून झालं. १९२७ मध्ये आयरा बोवेननं दाखवून दिलं, की तो आपला साधा ऑक्सिजनच आहे. फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आणि इतका विरळ, की पृथ्वीवरच्या कोणत्याही नळीत तशी विरळता साधणं अवघड.

इथे प्रसंग ताऱ्यांच्या म्हातारपणाचा आहे. सूर्याएवढ्या किंवा त्याच्या सात-आठ पट वस्तुमानापर्यंतच्या ताऱ्यांची अखेर स्फोटानं होत नाही. तारा फुगतो, तांबडा होतो, आकुंचन-प्रसरण पावत राहतो आणि आपली बाहेरची कवचं सावकाश सोडून देतो. शेवटी उरतो तो उघडा, लहानसा, भयंकर तापलेला गाभा. त्याचं तापमान तीस हजारांपासून लाखाच्या वर केल्विन जातं. त्याच्या अतिनील किरणांनी सोडलेला वायू पेटल्यासारखा उजळतो, ती ग्रहीय अभ्रिका. वायू सेकंदाला वीस-तीस किलोमीटरनं पसरत असतो. भंडारा ते नागपूर हे अंतर तो अडीच-तीन सेकंदांत काटेल. त्यामुळे दहा-वीस हजार वर्षांत सगळं विरून जातं. ताऱ्याच्या आयुष्यात एवढा काळ म्हणजे काहीच नाही. आपल्या आकाशगंगेत अशा तीन हजारांहून जास्त अभ्रिका आजवर सापडल्या आहेत. सूर्याचीही पाळी येईल, पाचेक अब्ज वर्षांनी.

आता धूळ. धान उपणताना काय होतं हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. चुरणा झाला की सुपातून धान वाऱ्यावर सोडायचं. जड दाणा पायाशी पडतो, हलकं फोल वारा नेतो. मरणपंथाला लागलेल्या ताऱ्याभोवती हेच उलटं घडतं. तिथे फोल वाऱ्याला नेतं. फुगलेल्या ताऱ्याच्या पृष्ठभागापासून थोडं दूर वायू हजार-दीड हजार केल्विनपर्यंत निवतो, तेव्हा त्यातून घन कण थिजायला लागतात. अगदी बारीक, मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढे, काजळीच्या धुरातल्या कणांसारखे. ताऱ्याचा प्रकाश वायूतून आरपार निघून जातो, पण या कणांवर आदळतो आणि त्यांना ढकलतो. ढकललेले कण आजूबाजूच्या वायूला ओढत नेतात. ताऱ्याची कवचं सुटतात ती मुख्यत्वे या धुळीच्या रेट्यानं. वस्तुमानात बघाल तर धूळ वायूच्या शंभराव्या ते हजाराव्या हिश्श्याएवढी. म्हणजे गाडाभर मालामागे मूठभर, आणि गाडा ओढते तीच.

मूठभर म्हटलं तरी माप वेगळं आहे. एखाद्या अभ्रिकेत सूर्याच्या पाचव्या भागाएवढा वायू आणि त्याच्या पाचशेव्या भागाएवढी धूळ धरली, तर त्या धुळीतून शंभराहून अधिक पृथ्व्या भरतील.

ही धूळ कशाची? इथे मला तुमसरकडच्या राइस मिलच्या मागे नेऊ द्या. धानाच्या वजनात पाचवा हिस्सा तुसाचा. ते तूस बॉयलरला जळणासाठी घालतात आणि जळून उरते ती राख पुन्हा तुसाच्या पाचव्या हिश्श्याएवढी. लाकडाच्या मानानं ही राख फारच जास्त. कारण धानाचं रोप जमिनीतून सिलिका उचलतं आणि तुसात साठवतं. तुसाच्या राखेत पंचाऐंशी-नव्वद टक्के सिलिकाच असते. त्या ढिगाजवळ उभं राहिलं की दोन रंग दिसतात. जिथे हवा नीट लागली नाही तिथली राख काळी, कारण तिच्यात न जळलेला कार्बन अडकलेला. जिथे पूर्ण जळली तिथली पांढुरकी, बोटांत चोळली की खरखरीत. काळीनं बोटं माखतात, पांढरीनं घासली जातात. भांडी घासायला कोणती घ्यायची हे बायका न सांगता ओळखतात.

ताऱ्यांच्या धुळीचेही हेच दोन मुख्य वाण आहेत, आणि कोणता वाण निघणार हे एका साध्या वाटणीवर ठरतं. ताऱ्यातून निघालेल्या वायूत कार्बन आणि ऑक्सिजन दोन्ही असतात. ते एकमेकांना गाठून कार्बन मोनॉक्साइड बनवतात. तो रेणू इतका पक्का, की एकदा जुळला की सुटत नाही. दोघांपैकी जो कमी, तो यात संपून जातो. जो उरतो तो धूळ बनवतो. ऑक्सिजन उरला तर सिलिकॉन, मॅग्नेशियम, लोह यांच्याशी मिळून सिलिकेट, म्हणजे आपल्या वाळू-दगडांचे भाऊबंद. कार्बन उरला तर काजळी, सिलिकॉन कार्बाइड, डांबराच्या धुरात असतात तसे कार्बनच्या षटकोनी कड्यांचे रेणू. साधारण दीड ते चार सूर्यांएवढे तारे म्हातारपणी आपल्या पोटातला कार्बन वर काढतात आणि काळी धूळ सोडतात. त्याहून लहान तारे बहुधा पांढरी.

इतक्या दुरून काळी-पांढरी ओळखायची कशी? इथेही ऊबच कामाला येते. सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा बंध एका ठरावीक तालात कंप पावतो आणि नऊ-दहा मायक्रॉनच्या आसपास आपली खूण उमटवतो; दुसरी खूण अठराच्या जवळ. सिलिकॉन कार्बाइडची खूण अकरा मायक्रॉनच्या थोडी पुढे. कार्बनच्या कड्यांच्या खुणा ३.३, ६.२, ७.७, ८.६ आणि ११.३ वर. प्रयोगशाळेत तुसाची राख अवरक्त वर्णपटदर्शकाखाली धरली, तर सिलिकॉन-ऑक्सिजनची ती नऊ-दहाजवळची खूण तिच्यातही दिसते. आणखी एक बारकावा. तूस बेताच्या आचेवर जाळलं तर सिलिका काचेसारखी, अस्ताव्यस्त राहते. आच फार झाली की तिचे स्फटिक बनतात. युरोपच्या आयएसओ या अवरक्त वेधशाळेनं १९९५ नंतर म्हाताऱ्या ताऱ्यांभोवती स्फटिकरूप सिलिकेट दाखवली, तेव्हा शास्त्रज्ञांना जो प्रश्न पडला तो मिलवाल्यालाही पडतो : इथे आच नेमकी किती होती? काही अभ्रिकांमध्ये काळी आणि पांढरी दोन्ही धूळ निघाली. एकच तारा आधी एक वाण सोडून मग दुसऱ्यावर गेला असावा, असा एक तर्क आहे. सर्वांना तो पटलेला नाही.

धूळ तापते कशानं, हेही बघण्यासारखं आहे. थोडी थेट ताऱ्याच्या उजेडानं. बाकीची हायड्रोजनमुळे. अभ्रिकेतला हायड्रोजन एका विशिष्ट अतिनील लांबीचे, ०.१२ मायक्रॉनचे किरण सोडतो. शेजारचा हायड्रोजन तेच किरण शोषतो आणि परत सोडतो. असा हा किरण गर्दीत अडकलेल्या पोरासारखा इकडून तिकडे ढकलला जातो, बाहेर पडायला त्याला वाट मिळत नाही. भटकता भटकता कधीतरी तो एखाद्या धुळीच्या कणावर आदळतो आणि तिथेच संपतो. कण किंचित तापतो आणि ती ऊब लांब लहरींच्या अवरक्त किरणांत बाहेर टाकतो. हे किरण मात्र कोणी अडवत नाही. तारा पाहायचा नाही, वायू पाहायचा नाही, धुळीनं खाऊन पचवलेला उजेड मोजायचा, असं या कामाचं स्वरूप.

पहिला धक्का १९६७ मध्ये बसला. अमेरिकेतल्या गिलेट, लो आणि स्टाइन यांनी एनजीसी ७०२७ ही अभ्रिका दहा मायक्रॉनजवळ मोजली. तापलेल्या वायूपासून जेवढी अपेक्षित होती त्यापेक्षा ऊब कितीतरी जास्त भरली. जास्तीची ऊब धुळीची होती. पण ती अभ्रिका होती ठळक, त्या जातीतली पाटलीणच म्हणा. फिक्या अभ्रिकांचं असं जमिनीवरून मोजणं जवळजवळ अशक्य होतं.

का, ते नवतप्याच्या दिवसांत कळतं. मे अखेरीला आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, अंगण, भिंत, टिनाचं छप्पर, खाटेची लोखंडी पट्टी, सगळंच तापतं. अशा दुपारी राखेवर हात धरून निखारा शोधून दाखवा. जमिनीवरच्या अवरक्त दुर्बिणीची नेहमीच नवतप्याशी गाठ असते. दुर्बिणीचा आरसा, नळी, वरची हवा, सगळं ३०० केल्विनच्या आसपास, म्हणजे दहा मायक्रॉनवर झळाळत असलेलं. त्यावर ताण म्हणजे हवेतली वाफ बहुतेक अवरक्त किरण पिऊनच टाकते, आणि वैनगंगेच्या काठच्या, पावलापावलाला बोडी नि तलाव असलेल्या आमच्या मुलखात वाफेला तोटा नाही. वीस मायक्रॉनच्या पुढचं तर लडाखमधल्या हानलेसारख्या साडेचार हजार मीटर उंचीच्या, कोरड्याठाक जागी जाऊनही फारसं हाती लागत नाही. तिथे दोन मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीवर मुंबईच्या टीआयएफआरनं, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं, बनवलेलं टीआयआरस्पेक हे उपकरण आहे. तेही एक ते अडीच मायक्रॉनपर्यंतच पाहतं. थंड धूळ त्याच्या पट्टीत येत नाही.

म्हणून दुर्बीण वर न्यायची आणि ती गार करायची. २५ जानेवारी १९८३ ला आयआरएएस हा उपग्रह उडाला. अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन या तिघांचा हा उद्योग. आरसा होता अवघा ५७ सेंटिमीटरचा. पण अख्खी दुर्बीण द्रवरूप हेलियमच्या थर्मासमध्ये बसवलेली, शून्याखाली दोनशे साठ-सत्तर अंशांवर. स्वतःची झळाळी इतकी मारल्यावर तिला दुसऱ्याची ऊब दिसू लागली. १२, २५, ६० आणि १०० मायक्रॉन अशा चार पट्ट्यांत तिनं ९६ टक्के आकाश धुंडाळलं आणि अडीच लाखांच्या आसपास उबदार ठिपके नोंदवून ठेवले. २१ नोव्हेंबरला हेलियम उडून संपला आणि दुर्बीण आंधळी झाली. दहा महिन्यांचा खेळ, पण त्या यादीवर खगोलशास्त्रज्ञ पुढची कित्येक वर्षं जगले. यादी जगाला खुली झाल्यावर टीआयएफआरमध्येही तिच्यावरून ग्रहीय अभ्रिकांच्या धुळीवर काम झालं. त्यासाठी स्वतःचा उपग्रह असावा लागत नाही. दुसऱ्यानं गोळा केलेल्या आकड्यांना नेमका प्रश्न विचारता यावा लागतो.

आणि फिक्या अभ्रिकांच्या बाबतीत तो प्रश्न मोठा रोचक होता. अभ्रिका फिकी दिसते याची दोन कारणं असू शकतात आणि ती एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत. एक, ती म्हातारी झाली : वायू पांगला, उजेड मंदावला, चूल विझत आली. दुसरं, ती इतकी कोवळी आहे, की अजून स्वतःच्याच धुळीत गुरफटलेली आहे. मोहाडी-आंधळगावकडचे लोक कोसा म्हणतात तशी. कोशाच्या बाहेरून आतला किडा जिवंत आहे की मेला ते कळत नाही. साध्या दुर्बिणीच्या छायाचित्रात दोन्ही अभ्रिका सारख्याच, एक अस्पष्ट डाग. कधी तर तिसरंच असतं : अभ्रिका धडधाकट, पण आपल्या आणि तिच्या मध्ये आकाशगंगेच्या पट्ट्यातली धूळ पडद्यासारखी आलेली.

तळहात धरला की निवाडा होतो. कोवळ्या, गुरफटलेल्या अभ्रिकेतली धूळ ताऱ्याजवळ असते, म्हणून शंभर-दोनशे केल्विनपर्यंत तापलेली. तिचा भर २५ मायक्रॉनच्या पट्टीत किंवा त्याच्याही अलीकडे. म्हाताऱ्या अभ्रिकेतली धूळ ताऱ्यापासून दूर गेलेली, तीस-साठ केल्विनवर उतरलेली. तिचा भर ६० आणि १०० मायक्रॉनकडे. म्हणून प्रत्येक ठिपक्यासाठी २५ मधल्या उजेडाला १२ च्या उजेडानं भागायचं, ६० मधल्याला २५ च्या. भागाकार आला की तापमानाचा अंदाज आला. यातली खुबी अशी, की अभ्रिका किती दूर आहे हे माहीत असायची गरज पडत नाही. ग्रहीय अभ्रिकांचं अंतर काढणं हे या विषयातलं कायमचं दुखणं असल्यामुळे ही सोय फारच मोलाची. याच भागाकारांवरून उलटाही शोध झाला. यादीतले ज्यांचे भागाकार अभ्रिकांसारखे, पण ज्यांची अभ्रिका म्हणून नोंदच नव्हती, असे ठिपके निवडून मोठ्या दुर्बिणी तिकडे वळवल्या गेल्या आणि लपलेल्या अभ्रिका, किंवा होऊ घातलेल्या अभ्रिका, हाती लागल्या.

अर्थात हात प्रत्येक वेळी खरं सांगत नाही. १०० मायक्रॉनला आयआरएएसची नजर इतकी भोंगळ होती, की चंद्रबिंबाच्या रुंदीच्या सहाव्या-सातव्या भागाएवढा तुकडा तिला एकच ठिपका वाटे. बहुतेक अभ्रिका त्याहून कितीतरी लहान. शिवाय याच उपग्रहानं दाखवून दिलं, की ताऱ्यांमधल्या जागेत थंड धुळीचे पिंजलेल्या कापसासारखे पदर सगळीकडे पसरलेले आहेत आणि ते १०० मायक्रॉनलाच जास्त उजळतात. ठळक अभ्रिकेला त्यानं फरक पडत नाही. फिकीच्या बाबतीत मात्र मोजलेली ऊब तिची की मागच्या पदराची, हे ठरवताना घाम फुटतो. पुष्कळ फिक्या अभ्रिकांपुढे यादीत नुसतं 'याहून कमी' एवढंच लिहिलेलं आहे.

त्यातून एक वादही उभा राहिला. आयआरएएसच्या आकड्यांवरच्या सुरुवातीच्या अभ्यासांत असं दिसलं, की अभ्रिका जसजशी पसरते तसतसं तिच्यातलं धुळीचं प्रमाण घटत जातं. म्हणजे ताऱ्याच्या कडक किरणांनी कण झिजत, मोडत असणार. चित्र पटण्याजोगं होतं. १९९९ मध्ये ग्राझिना स्ताशिन्स्का आणि रिशार्ड श्चेर्बा यांनी तेच आकडे पुन्हा तपासायला घेतले, हिशोबाची पद्धत बदलली आणि निष्कर्ष काढला, की प्रमाण घटत असल्याचा काहीच पुरावा नाही. धूळ टिकते. माझ्या मते हा निष्कर्ष एखाद्या नव्या अभ्रिकेच्या शोधापेक्षा मोठा आहे. कारण धूळ टिकत असेल, तरच ती ताऱ्यांमधल्या ढगांत जाऊन मिसळणार, आणि त्याच ढगांतून पुढचे तारे आणि त्यांच्याभोवतीचे दगडी गोळे घडणार. झिजून संपत असेल, तर तो कच्चा माल दुसरीकडून कुठून तरी यावा लागेल.

आयआरएएसच्या शंभर मायक्रॉनच्याही पुढे जायचं होतं, तिथे आपल्या लोकांनी वेगळी वाट धरली. हैदराबादला टीआयएफआरचं बलूनचं केंद्र अर्ध्या शतकाहून अधिक काळ चाललेलं आहे. पातळ पॉलिथिनची पन्नास ते पंच्याऐंशी मीटर व्यासाची बलूनं हायड्रोजन भरून रात्री सोडतात. ती तीस ते बेचाळीस किलोमीटर उंचीवर जाऊन काही तास तरंगतात. तिथे वाफ जवळपास नसतेच. टीआयएफआरची १०० सेंटिमीटरची दूर-अवरक्त दुर्बीण अशीच बलूनखाली टांगून जाते आणि १२० ते २२० मायक्रॉनमध्ये बघते. तिचे संवेदक निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या ०.३ केल्विनवर ठेवलेले. तिचा मुख्य रोख तारे जन्मतात त्या ढगांवर राहिला. धूळ मात्र तीच, फक्त आणखी निवलेली.

काम संपलं की दोर कापतात आणि उपकरणं रंगीत छत्रीखाली, वीस-चाळीस मीटर लांब दोरीला लटकत खाली येतात. कुठे उतरतील ते वाऱ्यावर. म्हणून उड्डाणांच्या हंगामाआधी सरकारी निवेदन निघतं, त्यात तेलंगणा, आंध्र आणि कर्नाटकाबरोबर महाराष्ट्रातल्याही जिल्ह्यांची नावं असतात. रानात असं काही पडलेलं दिसलं तर हात लावू नका, उघडू नका, जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा पोस्टात कळवा. नीट जपलंत तर बक्षीस मिळेल. सकाळी धुऱ्यावर आलेल्या शेतकऱ्याला बांधीत एक मोठी छत्री आणि पेटी पडलेली दिसावी आणि त्या पेटीनं रात्री उणे दोनशे चाळीस अंशांच्या धुळीची ऊब मोजलेली असावी, हे मला कोणत्याही विज्ञानकथेहून भारी वाटतं.

पुढच्या उपग्रहांनी नजर बारीक केली. २००३ मध्ये गेलेल्या स्पिट्झरनं वेदी तारकासमूहातल्या टीसी १ या लहानशा अभ्रिकेत साठ कार्बन अणूंचे, फुटबॉलच्या शिवणीसारखे गोल रेणू दाखवले. १७.४ आणि १८.९ मायक्रॉनच्या खुणांवरून ते ओळखू आले. ही बातमी २०१० ची. त्याआधी, २००७ मध्ये, स्पिट्झरनंच हेलिक्स अभ्रिकेच्या मध्यातल्या श्वेत बटू ताऱ्याभोवती, म्हणजे उरलेल्या गाभ्याभोवती, धुळीचं एक कडं पकडलं. तिथे जुनी धूळ उरायला नको होती. हिशोब असा लागला, की तारा मेल्यावर त्याच्या दूरच्या धूमकेतूंची घडी विस्कटली, ते एकमेकांवर आदळू लागले आणि ही नवी धूळ उडाली. १२ जुलै २०२२ ला जेम्स वेब दुर्बिणीची पहिली चित्रं आली, त्यांत दक्षिण कडं अभ्रिका होती, एनजीसी ३१३२. तिच्या मध्यात दोन तारे. इतकी वर्षं ठळक ताराच नजरेत भरायचा, पण अभ्रिका सोडणारा तारा होता शेजारचा फिकट. वेबच्या मध्य-अवरक्त कॅमेऱ्यात तो लालसर आणि धुळीत लपेटलेला निघाला.

यातलं काही भंडाऱ्यातून बघायचं असेल, तर एक अभ्रिका आपल्याला फार सोयीची आहे. एम २७, हिला डम्बेल म्हणतात. १७६४ मध्ये मेसियेनं पाहिलेली, अशा अभ्रिकांतली सर्वांत आधी सापडलेली. आपल्या जिल्ह्याचे अक्षांश एकवीसच्या थोडे वर, तिची क्रांती पावणेतेवीसच्या आसपास. त्यामुळे ती जवळजवळ डोक्यावरून जाते, मान पुरती मागे टाकावी लागते. सप्टेंबरात रात्री आठच्या सुमारास ती माथ्यावर असते, पण तेव्हा ढगांचा भरवसा नाही. धान कापून पुंजणे लागले, की नोव्हेंबरच्या सुरुवातीला अंधार पडताच पाहावी. तेव्हा ती पश्चिमेकडे कललेली, तरी बरीच उंच असते. श्रवण ताऱ्याच्या वर बाण तारकासमूह शोधायचा आणि बाणाच्या टोकापासून उत्तरेला सव्वातीन अंश सरकायचं. साध्या द्विनेत्रीत ती कापसाच्या बोंडाएवढी, राखी दिसते. तो जो राखी उजेड दिसतो तो सगळा वायूचा, बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी निघालेला. धुळीचा उजेडही त्याच वेळी निघून त्याच वाटेनं आलेला असतो आणि आपल्या गावावरच्या वाफेत, शेवटच्या दहा-पंधरा किलोमीटरांत अडकतो.